फाटक्या पंखाची माशी

इंद्रजीतने पिशवीतून गुंडाळी काढली, टीपॉयवरचा तांब्या बाजूला सरकवला आणि कागद उलगडून त्याच्या कोपऱ्यांवर हाताला येईल ते ठेवलं. चष्म्याचं घर, रिमोट, सुपारीचा डबा आणि शेवटी स्वतःचा मोबाइल. कागदावर हातभर लांबीची माशी होती.

"काका, तुमची माशी," तो म्हणाला. "पुस्तकाच्या मुखपृष्ठावर."

सरूबाई चहाचा ट्रे घेऊन आली ती दारातच थबकली. माशीच्या खाली ठळक अक्षरांत नवऱ्याचं नाव होतं, आणि त्याखाली 'कडुबा फोटो स्टुडिओ, पडेगाव'. स्टुडिओला कुलूप लागून बराच काळ झाला होता, तरी ती अक्षरं बघून तिचा चेहरा उजळला. ट्रे तसाच हातात धरून तिने नाव पुन्हा एकदा वाचलं.

कडुबाने नाव पाहिलंच नाही. तो माशीचा डावा पंख बघत होता.

कडुबाचा सारा जन्म लग्नांत गेला, म्हणजे दुसऱ्यांच्या. पडेगावपासून बिडकीनपर्यंत आणि वर सिल्लोडपर्यंत त्याने काढलेली जोडपी घराघरांत भिंतीवर टांगलेली आहेत. रिळाच्या काळापासून त्याचं नाव होतं ते हाताच्या सफाईसाठी. सावळी नवरी उजळ करायची, नवरदेवाच्या गालावरचे फोड पुसायचे, अक्षता पडताना नेमके मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोतून आणून बसवायचे. एका घरात लग्नाच्या तोंडावर आजी वारली, तर त्याने तिला मंडपातल्या खुर्चीवर बसवून दिलं. त्या घरच्या बायका फोटो उराशी धरून रडल्या होत्या. या कामाची त्याला कधीच लाज वाटली नाही. लोक मागत होते, तो देत होता, आणि अल्बम चाळणाऱ्या प्रत्येकाला खरं काय ते ठाऊक होतं.

मग आकाशातून शूटिंग करणारे आले. लग्नाआधीच नवरानवरी दौलताबादच्या वाटेवर रंगीत धुरात पळायला लागले. कडुबाला तसलं पळवणं जमलं नाही आणि एकेक काम हातचं गेलं. सरूबाईच्या थोरल्या बहिणीच्या नातीचं लग्नसुद्धा ड्रोनवाल्याकडे गेलं. त्या लग्नात कडुबा आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय जेवायला बसला. त्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही, पण सरूबाईला ते फार लागलं. पंगतीत बहिणीने मुद्दाम दोनदा वाढायला येऊन विचारलं होतं, की भाऊजी आता काय करतात.

स्टुडिओ मोडला तेव्हा दिवे, पडदे, छत्र्या सगळं कोणी ना कोणी नेलं. अंगठी आणि मेंदीचे फोटो काढायची जवळची लेन्स तेवढी कोणी घेतली नाही. ती पिशवीत टाकून तो सिल्लोडला मेव्हण्याकडे, गोकुळकडे गेला होता. गोकुळच्या मक्यात लष्करी अळी पडली होती आणि कोवळ्या पानांच्या सुरळ्या, पोंगेच्या पोंगे कुरतडून भुसा झाला होता. कडुबा सहज वाकून बघायला गेला, तर एका अळीभोवती एक करडी माशी घिरट्या घालत होती. टपकन बसायची, अळीच्या डोक्यामागे पांढरं अंडं चिकटवायची आणि उडायची. कडुबाने अंगठीवर धरतो तशी तिच्यावर लेन्स धरली.

घरी येऊन त्याने तो फोटो मोठा करून पाहिला आणि बघतच राहिला. अंगावर राठ केसांच्या रांगा, तांबूस डोळे, पंखांवर रेषांची जाळी. आणि हिला काही नको होतं. माशी कधी म्हणत नाही, मला जरा गोरी करा. तिची सासू येऊन तिची हनुवटी लहान करायला सांगत नाही. कडुबाला त्या दिवशी जे सुख झालं ते कुठल्याही नवरीने दिलं नव्हतं. गल्लीतले लोक म्हणाले, कडुबा घरी बसून माशा मारतो. तो म्हणाला, मारत नाही, फोटो काढतो.

कोणीतरी त्याला मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. मराठवाड्यातले हौशी लोक तिथे माशांचे फोटो टाकायचे आणि मेहरुन्निसा आपा फोटो बघून जात सांगायच्या. आपा शहरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. दुसऱ्या किड्यांच्या अंगावर पोसणाऱ्या माशा हा त्यांचा जन्माचा विषय. त्यांचा खाक्या असा, की पाठीवरचे केस दिसले तरच नाव सांगणार. नाही तर 'नाही सांगता येत' एवढे तीन शब्द, मग समोर जिल्हाधिकारी असो की सख्खा भाचा.

कडुबाची माशी बघून मात्र आपा हरखल्या. असल्या माशीच्या पाठीच्या शेवटी एक छोटा त्रिकोणी तुकडा असतो आणि त्याच्या टोकावर दोन राठ केस एकमेकांवर फुली मारून असतात. या माशीला ते दोन केसच नव्हते. तसली एकच जात आपांना ठाऊक होती, ती लांब दक्षिणेच्या डोंगरातली. मराठवाड्यात ती कोणी पाहिलेली नव्हती. आपांनी तसं ग्रुपवर लिहिलं. कडुबाने तो मजकूर सरूबाईला वाचून दाखवला, सरूबाईने तो फोनवरून सिल्लोडला सांगितला, आणि तिकडे अर्ध्या गावाला वाटलं की कडुबाला सरकारी बक्षीस लागलं.

इंद्रजीत तेव्हाच मराठवाड्यातल्या माशांचं पुस्तक जुळवत होता आणि त्यातल्या नोंदी आपा लिहीत होत्या. तरुण प्राध्यापक, स्वभावाने गोड, कामाला चोख. त्याने फोटो तपासला आणि तिथे माशी शिंकली. कडुबाला सवय होती, की स्टुडिओतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत नाव टाकायचं. माशीवरही त्याने ते टाकलं होतं. नाव टाकायला फोटो दुरुस्तीच्या प्रोग्राममधून न्यावा लागतो, आणि तिथून गेलेल्या फोटोच्या पोटात त्या प्रोग्रामची खूण राहते. मूळ फोटो मागितला तर तोही नव्हता. अल्बम तयार झाला की कार्ड पुसून पुढच्या लग्नाला मोकळं ठेवायचं, ही दुसरी सवय. इंद्रजीतने ग्रुपवर सभ्य भाषेत लिहिलं, की फोटोवर काम झालेलं दिसतं, केस काढले गेले असावेत.

बाकीच्यांनी सभ्यता ठेवली नाही. लग्नाचा फोटोग्राफर म्हटल्यावर सगळ्यांना सगळं समजलंच. कडुबाकाकांनी माशीचं थ्रेडिंग केलं, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने विचारलं, माशीला हळद कधी लावली. कडुबाने उत्तरात एकच ओळ टाकली: 'नाव टाकलं ते मी टाकलं. माशीला माझा हात लागलेला नाही.' तो दिवसभर फोन हातात धरून बसला.

मग तो फोटोची मोठी प्रत काढून आपांच्या घरी, रोशन गेटजवळ गेला. आपांनी त्याला बसवलं, शिरखुर्मा खायला घातला आणि भिंग घेऊन प्रत पुन्हा पाहिली. कडुबाने सबंध वाट जे मनात घोळवलं होतं ते बोलून दाखवलं.

"आपा, हिचा डावा पंख बघा. कड फाटलेली हाय. उजव्या डोळ्यावर परागाचा कन बसलाय. म्या साफसूफ करायला बसलो असतो, तर पयलं पंख शिवला असता, मग डोळा पुसला असता. केसाकडं कोन बघतंय? नवरीचा दात पडलेला ठिवून कानामागचा केस कोनी काढतं का?"

आपा हसल्या. भिंग खाली ठेवून त्यांनी चष्मा पुसला.

"दलील पक्की है, कडुबाभाई," त्या म्हणाल्या. "माझा तुमच्यावर भरोसा आहे. पण नोंद मी करणार नाही."

"भरोसा हाय तर मग?"

"भरोसा माझा आहे. पुस्तक वाचणाऱ्याने तो कुठून आणायचा? आणि तुम्ही खरे असलात तरी केस तुटूनही जातात. तुटला तर मुळाशी खळगा राहतो. या फोटोत तेवढं बारीक दिसत नाही. मग मी काय लिहू, की कडुबाभाई चांगला माणूस आहे?"

कडुबा चिडून उठला. जिना उतरताना त्याने ठरवलं की पुन्हा या घराची पायरी चढायची नाही. पण पडेगावच्या बसमध्ये बसल्यावर त्याचा राग कुठे टेकेना. ग्रुपवरचे लोक त्याला न बघता हसले होते. या बाईने सगळं बघितलं, सगळं ऐकलं आणि मग नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कामाकडे कोणी इतकं निरखून पाहिलं होतं.

आणि आता हा इंद्रजीत मुखपृष्ठ घेऊन आला होता. त्याच्या मते हा मधला मार्ग होता. आतल्या नोंदीत हा फोटो घेता येत नाही, पण इतका देखणा फोटो वाया का घालवायचा? बाहेर लावू, काकांचं नाव मोठं टाकू, प्रकाशनाला शाल देऊ. एक छोटं पत्र तेवढं हवं, की फोटोवर काम केलेलं आहे, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको.

"सर," कडुबा म्हणाला, "हिचा पंख फाटला व्हता."

"हो. आमच्या डिझायनरने तो जरा नीट केला. डोळ्यावरचा ठिपकाही काढला. मागची पानं पण थोडी हिरवी केलीत. छान दिसतंय ना?"

"छान दिसतंय. काम सफाईचं हाय." कडुबाने कागदावरून बोट फिरवलं. "पर ज्या गोष्टीपायी मला आत घेत नाय, तीच गोष्ट करून भाईर लावताव व्हय?"

इंद्रजीत गोरामोरा झाला, पण तो खोटा माणूस नव्हता, म्हणून त्याने शांतपणे समजावलं. आतला फोटो म्हणजे पुरावा आणि बाहेरचा म्हणजे बोलावणं. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीला कोणी विचारत नाही की तू खरा आहेस का. कडुबाला हे पटलं. पत्रिकेचं त्याला कोण सांगणार?

"मंग बोलावन्यावर दुसरी कंचीबी माशी बसवा," तो म्हणाला. "ही नाय. ही आत बसंल, फाटक्या पंखासकट, बोटायेवढी छापली तरी चालंल. नायतर कुठंच नाय. आन् पत्रबित्र काय मी लिवनार नाय."

सरूबाईने ट्रे खाली ठेवला. कपात साय धरली होती.

इंद्रजीतने आणखी दोनतीन प्रकारे सांगून पाहिलं, मग त्याने कागद गुंडाळला. जाताना तो कडुबाच्या पाया पडला, त्यावरून त्याला वाईट वाटत असावं. फाटकाचा आवाज झाला आणि सरूबाईचा बांध फुटला.

"सबंद जल्मात एकडाव नाव छापून येत व्हतं," ती म्हणाली. "लोकाच्या पोरी गोऱ्या करता करता डोळे गेले तुमचे. तवा नाय आठवलं खरंखोटं. आता एका माशीपायी आठवलं. अक्काला काय सांगू मी? सिल्लोडात काय तोंड दाखवू?"

कडुबाकडे उत्तर होतं. लग्नांच्या फोटोंत लोकांनी खोटं मागून घेतलं होतं, इथे त्याने मागितलं नव्हतं, त्याच्या माथी मारलं जात होतं. पण हे सरूबाईला सांगण्याइतके शब्द त्याला सुचले नाहीत. तो म्हणाला, "मी हात लावला नाय, सरू." ती आत निघून गेली. त्यानंतर पुष्कळ दिवस ती त्याच्याशी फक्त मीठ, पाणी आणि लाइटबिल एवढ्यापुरतंच बोलली.

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर झेंडूच्या फुलावर बसलेली एक पिवळी माशी होती. कडुबाला कोणी बोलावलं नव्हतं, तरी तो इस्त्रीचा सदरा घालून प्रकाशनाला गेला आणि मागच्या खुर्चीवर न बसता मधोमध बसला. ग्रुपवर थ्रेडिंगचा विनोद करणारा गृहस्थ शेजारीच निघाला. कडुबाने त्याला आपलं नाव सांगितलं आणि तोंडभरून नमस्कार केला. त्या माणसाला मग सबंध कार्यक्रमभर मोबाइलमधून डोकं वर काढता आलं नाही.

पुस्तक हातात आल्यावर कडुबाने त्या जातीचं पान काढलं. दक्षिणेचे डोंगर होते, जुने उल्लेख होते. मराठवाड्याचं नाव नव्हतं. आपांनी शब्द पाळला होता. दयेपोटी एखादी ओळ घातली असती तर ती त्याला जास्त लागली असती.

आपा काठी टेकत त्याच्याकडे आल्या. पाऊस पडल्यावर मका पुन्हा पोंग्यात येईल, तेव्हा जाणार का, असं त्यांनी विचारलं. त्यांनी त्याला एक जाळी आणि झाकणाची बाटली देऊ केली. माशीच पकडून आणा, म्हणजे प्रश्नच मिटला. कडुबाने ते हात जोडून परत केलं.

"मी फोटोवाला हाय, आपा. फोटोच आनीन. मुळाशी खळगा हाय का नाय, त्ये दिसंल असा आनीन. आन् कार्ड काढून तुमच्या हातावर ठिवीन."

"जिद्दी आदमी," आपा म्हणाल्या. "आणा. खळगा नसला तर मी माझ्या हाताने लिहीन. असला तर तेही लिहीन."

"लिवा," कडुबा म्हणाला.

पाऊस झाला. कडुबा सिल्लोडला गेला, आणि माहेर असल्यामुळे सरूबाईही बरोबर गेली, पण बसमध्ये खिडकीकडे तोंड करून. गोकुळने आधीच फवारणी उरकली होती. शेजारच्या सगळ्या रानांत फवारा मारून झाला होता आणि आपल्या मक्यात अळी पोसायची म्हणजे गावाशी वैर. तरी दाजींसाठी म्हणून त्याने बांधाकडच्या चार ओळी सोडल्या होत्या. त्यावरून गावात व्हायची ती चर्चा झाली. गोकुळचे दाजी अळ्या पाळायला आलेत, असं कोणी म्हणालं. शहरात डोक्यावर परिणाम झाला, असंही कोणी म्हणालं.

कडुबा त्या चार ओळींत पोत्यावर बसून राहिला. उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत आणि पुन्हा उतरत्या उन्हात. डास चावले, पानांनी हात कापले, कपड्यांत घाम मुरला. अळ्या होत्या, पण थोड्या. माशा आल्या त्या दुसऱ्याच. पांढरं अंडं कुठल्याही अळीवर दिसलं नाही. गोकुळ एकदा येऊन हळूच म्हणाला, की औषधाने ती मेली असणार, यंदा येईल असं वाटत नाही. कडुबा म्हणाला, यंदा नाही तर पुढल्या साली, मी कुठं चाललोय.

असे बरेच दिवस गेल्यावर एकदा सरूबाई भावाच्या ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. शेजारची गोजरबाई पाण्याची कळशी घेऊन जाताना थांबली. तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या. गोजरबाईने आवाजात मध घालून विचारलं, की बाई, तुझं मालक रोज रानात बसून काय करत्यात म्हनं?

सरूबाईने शेंगा खाली ठेवल्या. एवढे दिवस तिला हीच भीती होती. आता ती समोर येऊन उभी राहिली, तर तिला रडू आलं नाही, राग आला, आणि नवल म्हणजे तो नवऱ्याचा नव्हता.

"माशी हुडकत्यात," ती म्हणाली. "त्यांनी एक माशी बघितली आन् लोक म्हनले खोटी हाय. माझा नवरा लई येडा असंल, पर खोटं बोलत नाय. आजून काय इचारायचं हाय?"

गोजरबाईने कळशी कमरेवर सरकवून वाट धरली. सरूबाईने भाकरी फडक्यात बांधली, पदर खोचला आणि ती थेट रानात गेली. मक्याच्या ओळींतून वाट काढत ती कडुबापाशी पोचली, तेव्हा तो डोळ्याला कॅमेरा लावून निश्चल बसला होता. तिने भाकरी त्याच्याजवळ ठेवली. परत जाण्याऐवजी ती त्याच्या पोत्याच्या कडेला बसली.

"कशी असती ती?" तिने विचारलं.

कडुबाने कॅमेरा खाली घेतला. बायको आपल्याशी बोलली हे लक्षात यायला त्याला जरा वेळ लागला.

"करडी. डोळे तांबूस. अंगावर राठ केस."

"तसल्या तर समद्याच असत्यात."

"व्हय. म्हनूनच बसावं लागतं."

सरूबाई समोरच्या पोंग्याकडे बघू लागली. मग तिने त्याच्या दंडाला हळूच बोट लावलं आणि पुढच्या पानाकडे दाखवलं. पानावर एक माशी पाय चोळत बसली होती. कडुबाने वाकून नीट पाहिलं.

"नाय," तो म्हणाला. "घरातली माशी हाय ही, आपल्या मागं आलेली."

"बरं," सरूबाई म्हणाली. "तुमी आधी भाकर खाऊन घ्या. तवर मी बघते."

आणि उन्हासाठी पदर डोळ्यांवर ओढून ती पानांकडे बघत राहिली.